गरम माप

कारखान्यात इतरत्र कोठेही माणसे आपल्या कर्जाचा उच्चार करीत नसत. मोजणीच्या खोलीत मात्र करीत. त्याला कारण होते खोलीचा नियम. यंत्रावरून उतरलेले पोलाद गरम असते, गरम पोलाद फुगते, आणि फुगलेल्या भागाचे माप घेणे म्हणजे भरपेट जेवलेल्या माणसाच्या कमरेचे माप घेऊन सदरा शिवण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येक भाग आधी ग्रॅनाइटच्या काळ्या ओट्यावर निवत ठेवायचा. लहान असेल तर तासभर, मोठा असेल तर तीन तास. खोली बाराही महिने वीस अंशांवर असे. दार आपोआप मिटे आणि आतला शब्द बाहेर जात नसे. काम घेऊन आलेला माणूस 'जरा गारव्याला टेकतो' म्हणून स्टुलावर बसायचा, आणि समोर बसलेलीची नजर डायलवर असायची, त्याच्या तोंडाकडे नाही. डोळ्याला डोळा भिडत नसला की पोटातले ओठावर यायला वेळ लागत नाही.

ती समोर बसलेली म्हणजे 'मायक्रॉन'. वय सव्वीस, तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आलेली, आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी कोणाशीही भांडायला तयार. म्हणून हे नाव. चार वर्षांत तिच्या सहीने गेलेला मोजमापाचा एकही दाखला परत आला नव्हता. तिने लोकांच्या उधाऱ्या ऐकल्या, हप्ते ऐकले, बायकोपासून लपवलेली कार्डे ऐकली, आणि त्यांतले अवाक्षर दाराबाहेर नेले नाही. तिला स्वतःलाही सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण ऐकणाऱ्याने कोणापाशी सांगावे, याची सोय त्या खोलीत नव्हती.

तिचे पहिले कर्ज भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी होते. दुसरे आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी. तिसरे पहिल्या दोघांचे हप्ते भरण्यासाठी, आणि चौथ्यापासून कारण विचारण्यात अर्थ उरला नव्हता. एकाची टोपी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. शेवटची तीन कर्जे मोबाइलवरच्या ॲपमधली, सात-सात दिवसांची. आठव्या दिवशी वसुलीवाल्याचा फोन यायचा, नवव्या दिवशी तो तिच्या फोनमधल्या कोणालाही जायचा. एकदा आईला गेला. आई घाबरून म्हणाली, "अगं, तो माणूस मला ताई म्हणाला आणि पुढे जे बोलला ते ताईशी बोलायचं नसतं." ती कर्ज पैशांत मोजत नसे, पगारांत मोजे. ते पाच पगारांइतके झाले होते.

त्याच सुमारास मामा तिच्याशी बोलले.

मामा कोणाचेही मामा नव्हते. ते ग्राइंडर चालवत, वय पन्नाशीला टेकलेले, हात सोन्याचा आणि जीभ साखरेची. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. एके दिवशी भाग निवत असताना त्यांनी स्टूल पुढे ओढले आणि आवाज खाली आणला.

"पोरी, तुला म्हणून सांगतो. लेकीच्या शिक्षणाला काढलेलं अजून फेडतोय. सहा वर्षं झाली. मामींना पत्ता नाही."

"मामींना सांगा ना मग."

"सांगून? तिच्या झोपेचं खोबरं करू? झाकली मूठ सव्वा लाखाची. बरं, तुझं काय? चेहरा बघून चार महिने विचारीन म्हणतोय."

ज्याने आधी आपली जखम उघडी केली त्याच्यापुढे आपली झाकून बसणे तिला चोरीसारखे वाटले. तिने सांगितले. डायलवरून नजर न काढता, सुरुवातीपासून, ॲपसकट आणि आईला गेलेल्या फोनसकट. फक्त आकडा सांगताना जीभ अडखळली आणि पाचाचे तीन झाले. कर्ज सांगणारा माणूस थोडे हातचे राखूनच सांगतो. नागडे व्हायचे ठरवले तरी शेवटचे वस्त्र सुटत नाही.

"तीन पगार? एवढंच ना!" मामा म्हणाले. "मुंगीला मुताचा पूर. फिटेल गं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी तिला चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ झोप लागली, हे खोटे नाही.

तीन आठवड्यांनी मोजणी-प्रमुखाची जागा निघाली. जागा तिचीच होती, हे कारखान्याच्या भिंतींनाही माहीत होते. पगारवाढ एवढी, की वर्ष-सव्वा वर्षात ती सगळ्यातून मोकळी झाली असती. साहेबांनी तिला बोलावले, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेव्हाच ती समजली की जागा गेली.

"तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही," साहेब म्हणाले. "पण प्रमुखाची सही म्हणजे लाखमोलाची सही. ज्याला पैशाची नड आहे त्याच्या सहीवर उद्या कोणी बोली लावली तर? तू करशील असं म्हणत नाही मी. पण तीन पगारांचं देणं डोक्यावर असलेल्या माणसाला मोहात तरी का टाका?"

"तीन पगारांचं?" तिने विचारले.

"आकडा महत्त्वाचा नाही गं."

आकडाच महत्त्वाचा होता. भाड्याच्या खोलीच्या मालकाला त्यातले एक कर्ज माहीत होते, आईला दोन, ॲपवाल्यांना आपापले. 'तीन पगार' हा चुकीचा आकडा जगात एकाच माणसाला दिलेला होता. एखाद्या यंत्रातून निघणारा प्रत्येक भाग एकाच बाजूला सारखाच ओरखडा घेऊन येत असेल, तर ओरखडा कोठे बसतो हे शोधायला यंत्र उघडावे लागत नाही. ती चहा न घेता उठली. बाहेर फलकावर नवी पाळीपत्रके लागली होती. मामांच्या नावापुढे लिहिले होते: कायम दिवसपाळी.

दिवसपाळीसाठी विकले. तिला राग विकल्याचा आलाच. पण जास्त राग आला तो एवढ्या स्वस्त भावाचा.

तरीही तिने घाई केली नाही. संशय हा संशयच. दोनदा मोजल्याशिवाय माप लिहायचे नाही, ही तिची सवय. दुसरे मोजमाप आठवड्याभरात आपणहून चालत आले. ड्रिलवाला, तिच्याच वयाचा, लग्नासाठी काढलेल्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला, स्टुलावर बसून उसासा टाकत म्हणाला, "आपण एकटे नाही गं. मामांचंच बघ. घराच्या छपरासाठी काढलेलं सहा वर्षं फेडतायत. मामींना पत्ता नाही."

"छपरासाठी?"

"हो. मला स्वतः सांगितलं. म्हणून तर मी माझं सगळं बोललो त्यांच्याशी."

"लेकीच्या शिक्षणासाठी नाही?"

ड्रिलवाला हसला. "कुठली लेक? मामांना एकच मुलगा, तो कधीच कमावता झाला."

म्हणजे गळाला लावायचे आमिष माशागणिक बदलत होते. आणि ड्रिलवाल्यालाच गेल्या दोन महिन्यांत सुटीच्या दिवशीचे सगळे काम का लागत होते, हेही तिला उमगले. नड असलेला माणूस 'नाही' म्हणत नाही, ही माहिती वर पोचली होती. ती त्याला काही बोलली नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आणि वाट पाहू लागली. सूड कसा घ्यायचा ते तिला माहीत नव्हते. एवढेच पक्के होते, की तो खोटे माप देऊन घ्यायचा नाही. तिच्याकडे दुसरी मालमत्ता नव्हती.

संधी आली ती एका स्पिंडलच्या रूपाने. हातभर लांब, मनगटापेक्षा कितीतरी जाड, सहा आठवडे वेगवेगळ्या यंत्रांवरून फिरून आलेला पोलादाचा दांडा. शेवटचे काम मामांचे: बेअरिंग बसायची जागा ऐंशी मिलिमीटर व्यासाची घासायची. ऐंशीच्या वर एक मायक्रॉनही नको, खाली फार तर दहा चालतील. गिऱ्हाइकाचा माणूस दुपारी तीनला स्वतः न्यायला येणार होता. त्याला खूश करायचे म्हणून साहेबांनी सकाळपासून मामांच्या यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या.

साडेदहाला मामा ट्रॉली ढकलत मोजणीच्या खोलीत आले. बाहेर उकाडा मी म्हणत होता. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मायक्रॉन, पटकन बघ. किती घासायचं राहिलंय तेवढं सांग, की मी शेवटचा हात मारून मोकळा होतो."

"तीन तास निवू द्यायला लागेल, मामा. नियम आहे."

"नियम कुणी केला? माणसानंच ना? तीन तास इथे, मग परत तीन तास शेवटच्या मोजणीला. तीनला गिऱ्हाईक येतंय, त्याला काय माझं तोंड दाखवू? आणि गरम कुठाय? हात लाव. पाणी चालू होतं सारखं. गार आहे की!"

त्यांनी आपला पंजा स्पिंडलवर ठेवला. तिनेही ठेवला. हाताला गार लागले नाही, गरमही लागले नाही. आणि तेथेच सगळी मेख होती. माणसाचा हात जेवढा गरम, तेवढ्याच गरम वस्तूला हात काहीच म्हणत नाही. यंत्रावर सोडायचे पाणी सकाळपासून फिरून फिरून कोमट झाले होते, स्पिंडल त्या पाण्याएवढा झाला होता, आणि तीस वर्षांच्या अनुभवाचा सोन्यासारखा हात आपल्याच ऊबेला गारवा समजत होता.

नियम तिने एकदा सांगितला होता. दुसऱ्यांदा सांगितला असता, तर मामा कुरकुरत बसले असते, गिऱ्हाईक दोन तास थांबले असते, आणि कोणाचे काही बिघडले नसते. चार वर्षे ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदाही सांगत आली होती. तिचे नाव त्यातूनच पडले होते.

"बरं," ती म्हणाली.

मामाच क्षणभर चपापले. "बघ! शहाणी झालीस."

"न निववता मोजलं तर चिठ्ठीवर तुमची सही लागते."

"दहा घे."

तिने स्पर्शाचा थर्मामीटर लावला: पस्तीस अंश. आकडा चिठ्ठीच्या चौकटीत सुवाच्य लिहिला. मग स्पिंडल मोजला. डायलचा काटा ऐंशीच्या वर नऊ मायक्रॉनवर स्थिरावला. हिशेब करायला तिला कागद लागला नाही. एवढ्या जाडीचे पोलाद एका अंशाला जवळजवळ एक मायक्रॉन फुगते. पंधरा अंशांना सुमारे चौदा. वर दिसणाऱ्या नवातून चौदा गेले की उरतात खाली पाच. शून्य ते दहाच्या बरोबर मध्ये. स्पिंडल तयार होता. आता त्याला कोणी बोटही लावायची गरज नव्हती. मामांनी नकळत आयुष्यातली एक अचूक जागा घासून ठेवली होती.

"किती?" मामांनी विचारले.

"डायल नऊ वर दाखवतोय."

शब्द न् शब्द खरा होता.

"नऊ वर, म्हणजे चौदा काढतो. मध्यावर बसेल, काय?" मामा खुशीत म्हणाले आणि चिठ्ठीवर फराटा मारला. सहीच्या वर छापले होते: भाग न निववता मोजला, पुढील जबाबदारी माझी. त्याच्याही वर पस्तीसचा आकडा होता. त्यांनी दोन्हींतले काहीच वाचले नाही. आयुष्यभर दुसऱ्याची चिठ्ठी वाचणाऱ्याला आपली वाचायची सवय नसते.

दार मिटले. अजून वेळ होता. ग्राइंडरपर्यंत साठ पावले. स्पिंडल चढवायला दहा मिनिटे. पाच मिनिटे ती घड्याळाकडे पाहत राहिली. मग फोन वाजला. वसुलीवाला होता. "काय मॅडम, आईसाहेबांना परत त्रास द्यायचा का?" तिने फोन उलटा ठेवला, अर्धी उठली आणि परत बसली.

साडेअकराला मामा स्पिंडल परत घेऊन आले. शेवटच्या मोजणीला दाखला लागतो, तेथे सही चालत नाही; तीन तास निवू द्यावाच लागला. मामांना यंत्रावर दुसरे काम नव्हते. ते गारव्याला टेकले. स्पिंडल ओट्यावर पडून होता, आणि तो मेलेला आहे हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होते.

"कमी झालं का गं काही?" मामांनी हळूच विचारले.

"काय?"

"तेच. तुझं ते. अगं, संकोच कसला? त्या ड्रिलवाल्याचं बघ, दागिने गहाण पडलेत त्याच्या बायकोचे. कुणाला बोलू नकोस हं. कळलं तर बायको माहेरी जाईल."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लोक सांगतात गं. मामा म्हटलं की सांगतात. सांगितलं की हलकं वाटतं त्यांना. पुण्याचंच काम आहे."

त्या घटकेपर्यंत तिच्या मनात कोठेतरी एक बारीक सल होता. तो या वाक्याने निघून गेला. उरलेले अडीच तास तिने मामांना बोलू दिले. पाच जणांची गुपिते ऐकली, 'अय्या' म्हणाली, 'हो का' म्हणाली, आणि मामांना चहासुद्धा पाजला.

अडीच वाजता साहेब आले. तिने सगळ्यांसमोर माप घेतले. काटा ऐंशीच्या खाली गेला, दहाची रेघ ओलांडली आणि एकोणिसावर थांबला.

"परत घे," साहेब म्हणाले.

तिने तीनदा घेतले. एकोणीस. वरून क्रोमचा थर देऊन अशी जागा भरता येते. पण गिऱ्हाइकाच्या कागदावर तशी मनाई होती. सहा आठवडे भंगारात गेले होते.

साहेबांनी सकाळची चिठ्ठी मागितली. वाचली, भिंतीकडे पाहून मनात हिशेब केला, आणि चिठ्ठी मामांसमोर धरली. "पस्तीस अंश. मामा, पस्तीस! शिकाऊ पोरगं असं करत नाही. आधीच बरोबर होता तो!"

मामांनी चिठ्ठी वाचली. आता ते आपल्यावर ढकलतील, अशी तिने तयारी ठेवली होती; चिठ्ठी होती, नियम सांगितल्याचे ती शपथेवर सांगू शकत होती. पण मामा मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी, साहेब. पोरीनं नियम सांगितला होता. मीच घाई केली. तिचा काही दोष नाही."

आणि येथे तिचा सूड आळणी झाला.

तीन दिवस तिला तो दातांत अडकलेल्या तंतूसारखा टोचत राहिला. मामांची दिवसपाळी गेली. नुकसानीचा मोठा हिस्सा वर्षभर त्यांच्या पगारातून कापायचे पत्र निघाले. सगळे तिच्या मनासारखे झाले. पण मामांच्या लेखी तो दैवाचा घाला होता, उकाड्याचा दोष होता. मारणारा कोण हे मार खाणाऱ्याला कळलेच नाही, तर तो सूड कसला? तो नुसता अपघात. तिला उमगले, की माणसे कर्ज का बोलून दाखवतात. भार हलका व्हावा म्हणून नव्हे. आपल्या अंगावर जे आहे त्याला साक्षीदार कोणीतरी हवा असतो. नाहीतर आपण एकट्यानेच ते स्वप्नात पाहिले, असे वाटू लागते. तिच्यावर आता आणखी एक देणे होते, आणि ते सांगण्यासारखा माणूस पुन्हा तोच होता.

चौथ्या दिवशी, पगारकपातीच्या पत्रावर मामांची सही झाल्यावर, ती त्यांच्या यंत्रापाशी गेली.

"मामा, त्या दिवशी मला कळलं होतं. डायल बघताक्षणी. तुमचा स्पिंडल बरोबर मध्यावर होता."

मामांनी यंत्र बंद केले. "काय म्हणालीस?"

"ऐकलंत ते. एक शब्द बोलले असते तर वाचला असता. नाही बोलले."

"का गं?" ते इतक्या हळू म्हणाले, की तिला ओठांवरूनच कळले.

"दिवसपाळीचे किती दिवस मिळाले तुम्हाला? मोजा. तेवढ्याला मला विकलंत."

मामांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटले नाही. मग सगळे एकदम उमटले, आणि ते तिने डोळ्याला डोळा भिडवून पाहिले. आता ते धावत वर जाणार, हे तिला ठाऊक होते. ते तासाभरात गेले.

साहेबांनी तिला बोलावले. या वेळी चहा नव्हता. मामा कोपऱ्यात उभे होते, हातातली टोपी पिळत.

"मामा म्हणतात, तुला माहीत होतं. मुद्दाम गप्प राहिलीस. तूच कबूल केलंस म्हणे."

"साहेब, आईच्यान खरं सांगतो..." मामा म्हणाले.

"तुम्ही थांबा." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "त्या दिवशी स्वतः म्हणालात ना, पोरीचा दोष नाही? पगार कापायला लागल्यावर आठवलं? चार दिवस कुठे गेला होता हा साक्षात्कार?" मग तिच्याकडे वळून: "तरी विचारतो. एकदाच. माहीत होतं?"

चार वर्षे तिने जे आहे तेच सांगितले होते. एक मायक्रॉन इकडे नाही, तिकडे नाही. स्पिंडलच्या दिवशीही तिचा शब्द खराच होता. आता 'हो' म्हटले असते तर नोकरी जाणार होती, पाच पगारांचे देणे डोक्यावर घेऊन. 'नाही' म्हटले तर तिच्या नोकरीतले ते पहिले खोटे माप ठरणार होते. मामा तिच्याकडे पाहत होते. इतकी खरी बातमी त्यांच्या हाती आजवर आली नव्हती, आणि त्या बातमीला गिऱ्हाईक नव्हते.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "मी फक्त डायल वाचला."

साहेबांनी मान डोलावली. "मला वाटलंच. मामा, आपलं झाकायला पोरीच्या माथी मारता? शोभतं का या वयात? जा तुम्ही." दार मिटल्यावर त्यांनी कागद सारखे केले. "ती प्रमुखाची जागा अजून भरली नाही आपण. त्या दिवशी सही न घेता मोजलं असतंस, तर आज मला उत्तर देता आलं नसतं गिऱ्हाइकाला. अशीच सही पाहिजे मला. देण्याबिण्याचं बघू, काय?"

"वाढ कधीपासून लागू होईल?" तिने विचारले.

"एक तारखेपासून."

ती बाहेर आली. मामा जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभे होते. त्यांना वाट द्यायची होती की अडवायची होती, ते त्यांनाच ठरवता येत नव्हते.

"मी खरं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "सगळं खरं होतं." आणि त्यांच्या बाजूने खाली उतरली. खाली ओट्यावर दुसऱ्या कोणाचा तरी भाग निवून तयार होता.